शोभेचा तराफा

येशण्णा,

तुम्ही गेल्यावर ऑफिसात तुमच्यासाठी आम्ही सगळे उभे राहिलो. डायरेक्टर मॅडम बोलल्या. तुम्ही शांत होतात, मितभाषी होतात, इतक्या वर्षांत तुमचा आवाज चढलेला कुणी ऐकला नाही, असं त्या म्हणाल्या. दोघातिघांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण अशा वेळी दुरुस्त्या सुचवायची पद्धत नाही. पण खाली बसल्यावर लक्षात आलं की त्यांचं काही चुकलेलं नाही. तुम्ही भांडायचात ते माझ्याशी आणि तेही मराठीत. हेब्बाळच्या त्या ऑफिसात मराठी समजणारे आपण दोघंच होतो. बाकीच्यांना वाटत असणार, हे दोघं गावाकडच्या गोष्टी बोलताहेत.

गावाकडच्या गोष्टी आपण कधीच बोललो नाही. आपण एका तराफ्यावरून भांडत होतो. त्यातलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे. ते पुरं करावं असं मनात नाही. तुमच्या बाजूनं बोलायला आता कुणी नाही, आणि एकटीनं जिंकण्यात काही मजा नाही. पण काय काय झालं ते एकदा ओळीनं सांगावंसं वाटलं, आणि सांगायला तुमच्याशिवाय दुसरं माणूस सुचलं नाही.

पहिल्याच दिवशी मी घोळ घातला होता. मी पुण्याहून नुकती आलेली मेकॅनिकल इंजिनियर, तुम्ही साठीला टेकलेले डिझायनर. ओळख करून देताना तुम्ही म्हणालात, "घड्याळांच्या कारखान्यात मी पुष्कळ वर्षं काम केलो. घड्याळाची केस, डायल, सगळ्याचं डिझाइन काढलो." परक्या शहरात मराठी कानावर पडलं म्हणून मी खूश होऊन म्हटलं, "अरे वा, तुमचं मराठी छान आहे!"

तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. "मी पुण्याला येऊन तुला म्हणतो काय, तुझं मराठी छान आहे म्हणून?"

तुमचं घराणं कधीकाळी कुठल्याशा मराठा फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं, हे मला नंतर कळलं. घरात मराठी, शाळेत कन्नड, कारखान्यात इंग्रजी. कन्नडमध्ये तुम्ही गोड होतात, इंग्रजीत मोजके आणि मराठीत भांडखोर. माझं नाव तुम्ही कधी घेतलं नाहीत, 'पुणेकर' म्हणायचात. मी सुरुवातीला यशवंतराव म्हणून बघितलं, ते तुम्हाला रुचलं नाही. "यशवंतराव माझ्या आजोबाचं नाव. मला सगळे येशण्णा म्हणतात, तूही म्हण." मग मी तेच म्हणू लागले. पुढे एकदा तुम्ही म्हणालात की अण्णा म्हणतेस तर 'तुम्ही' कशाला, आमच्यात बहिणी भावाला 'तू' म्हणतात. मी हो म्हटलं आणि 'तुम्ही'च म्हणत राहिले. आताही तेच म्हणतेय.

आपल्या कंपनीचं काम तळ्यांच्या पाण्याचं. पाण्यात प्राणवायू किती, घाण किती, हे मोजणारे सेन्सर तळ्यात ठेवायचे आणि त्यांचे आकडे मोबाइलच्या नेटवर्कवरून ऑफिसात आणायचे. हे सेन्सर बसवायला काहीतरी तरंगतं लागतं. कागदोपत्री त्याला 'सेन्सर प्लॅटफॉर्म' म्हणतात. मी तराफा म्हणायचे, तुम्ही कन्नडमधलं तेप्पा म्हणायचात. तुम्ही तेव्हा भिंतीवर लावायच्या मीटरच्या डब्यांचं काम बघत होतात, त्यामुळे पहिला तराफा मी एकटीनं केला. खाली चार निळे ड्रम, वर लोखंडी सांगाडा, त्यावर करडी पेटी आणि सोलर पॅनेल. येलहंक्याला तुमच्या घराजवळ जे लहान तळं आहे, त्यात आम्ही तो सोडला. तिथल्या रहिवाशांची कमिटी तळ्याची देखभाल करते, आणि कमिटीनं लगेच परवानगी दिली होती.

तराफा उत्तम चालत होता. मग एका सकाळी आकडे यायचे बंद झाले. मी तिथं पोचले, तर तराफा काठावर जलपर्णीच्या ढिगात उलटा पडलेला. तळं साफ करणाऱ्या बोटीनं जलपर्णीबरोबर तोही उपसून बाहेर टाकला होता. पेटीत पाणी शिरलं होतं, सेन्सर मोडले होते. बोटवाल्याला मी विचारलं, हे काय केलंत? तो मनापासून गोंधळला. "मॅडम, कचरा था ना?"

मी तणतणत ऑफिसात आले. म्हटलं, पुढच्या वेळी वर मोठा बोर्ड लावते, 'हे उपकरण आहे, हात लावू नये', तीन भाषांत. तुम्ही माझ्याकडून फोटो मागून घेतलात आणि बराच वेळ बघत राहिलात.

"बोर्ड बेडा," तुम्ही म्हणालात. म्हणजे नको. "त्या माणसाचं काय चुकलं? कचऱ्यासारखं दिसलं, कचऱ्यात टाकला."

मला राग आला. पण मॅडमनी दुसऱ्याच दिवशी तराफ्याचं रूप तुमच्याकडे सोपवलं, आणि आतलं सगळं माझ्याकडे ठेवलं. त्यांना कमळ हवं होतं. पाकळ्यांचा तराफा, मधोमध अँटेना. तुम्ही इंग्रजीत त्यांना म्हणालात की मॅडम, तळ्यात कमळं फुलत असती तर आपल्याला कुणी बोलावलं नसतं. इतक्या नम्रपणे म्हणालात की त्यांना तो विनोद वाटला. बाहेर आल्यावर मराठीत जे म्हणालात ते इथे लिहीत नाही.

माझं म्हणणं साधं होतं. आकार कसाही असो, तरंगला पाहिजे आणि आकडे बरोबर आले पाहिजेत. तुमचं म्हणणं, "वेळ सगळी घड्याळं तीच दाखवतात. मग माणूस दुकानात अर्धा तास कशाला उभा राहतो?"

"तळं काही दुकानात येत नाही, अण्णा."

"तळं नव्हे. तळ्याकाठी फिरणारी माणसं. त्यांना रोज सकाळी ते बघायचंय. त्यांच्या डोळ्यांपुढे तू ड्रम ठेवणार, आणि वर म्हणणार, हात लावू नका."

त्यानंतरचे कितीतरी शनिवार आपण तुमच्या त्या तळ्यावर घालवले. तुम्ही थर्माकोल कापून मॉडेल करायचात, ते दोरीला बांधून पाण्यात सोडायचं आणि काठावरच्या पायवाटेनं चालत बघायचं. मी कंप्युटरवर सगळं वरून काढायचे. तुम्ही म्हणालात की वरून ते फक्त घारीला दिसणार. माणूस काठावरून बघतो, तिरका, आणि चालता चालता. त्यामुळे तुमच्या चित्रांत पाण्याची रेघ आधी यायची आणि तराफा नंतर. एखादं मॉडेल मला पुरेसं वाटायचं, तुम्ही ते ओढून बाहेर काढायचात आणि सुरीनं कडा तासायला बसायचात. विचारलं की काय बदललं, तर म्हणायचात, "बदललं नाही. पाण्यात शिरताना अडखळत होतं, ते काढलो."

काट्यांवरून झालेलं भांडण तर तुम्हाला नक्की आठवेल. सोलर पॅनेलवर पाणकावळे आणि बगळे बसतात, त्यांची विष्ठा पडते आणि पॅनेल काम करत नाही. यावर सगळीकडे एकच उपाय असतो, वर काटे लावायचे. मी काटे मागवलेही होते. तुम्ही ते खोक्यातून काढून हातात घेतलेत.

"दुसऱ्याच्या घरात राहायला जायचं आणि घरच्यांना काटे लावायचे?"

"मग त्यांना विनंती करायची का, बसू नका म्हणून?"

"बसू दे की. दुसरी जागा दे बसायला."

आणि तुम्ही तराफ्याला काठ दिलात. एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळता होत जाणारा, बाहेरून गोलाई घेत पाण्याखाली उतरणारा काठ. पक्ष्याच्या पंजाला धरायला बरा, आणि पॅनेलपासून जरा खाली. पूर्ण आकार पहिल्यांदा बघितल्यावर मी म्हटलं, ही तर कोयरी झाली, साडीवरची. तुम्ही इतके चिडलात! "कोयरीला शेपूट असते. ह्याला कुठं शेपूट आहे?" खरंच नव्हती. होता तो एक सलग काठ. तो नेमका कुठं सुरू होतो हे मला शेवटपर्यंत दाखवता आलं नाही.

तो तळ्यात सोडला त्या सकाळी आपण पायवाटेनं पूर्ण फेरी मारली. फिरायला आलेली माणसं आपल्या पुढून-मागून चालली होती. कुणी थांबलं नाही, कुणी बोट दाखवलं नाही. जलपर्णी काढणारी बोट तळ्यात आली, तराफ्यापाशी वेग कमी केला आणि वळसा घालून गेली. तुम्ही मला विचारलंत, "कसं दिसतंय?" मी म्हटलं, "नीट तरंगतंय." तुम्ही हसलात आणि आपण चहा प्यायला गेलो. मला ते फार सुंदर दिसत होतं, येशण्णा. पाण्यावर कुणी काही ठेवलंय असं वाटतच नव्हतं. पण इंजिनियरनं असं बोलायची मला सवय नव्हती, आणि तुम्हाला ते कळलंच असेल असं मी धरून चालले. कळलं होतं की नाही, ते आता विचारता येत नाही.

पाण्यात सोडण्याआधीच आकाराची इथली नोंदणी झाली होती, ती सरळ पार पडली. घोळ झाला परदेशी अर्जावरून. तिकडे कंपनीला तराफा विकायचा होता, आणि त्याआधी त्याच्या रूपाचं पेटंट हवं होतं. अशा अर्जात सगळ्या बाजूंनी काढलेली चित्रं असतात आणि मागणी एका वाक्याची, की सेन्सर प्लॅटफॉर्मची ऑर्नमेंटल रचना, चित्रांत दाखवल्याप्रमाणे. तुम्ही ते वाक्य दोनदा वाचलंत.

"ऑर्नमेंटल म्हंजे काय गं मराठीत?"

"शोभेचं."

"शोभेचं? कपाटातल्या बाहुलीसारखं?"

"कायद्याला तेच म्हणायचंय. कामाचं नाही, दिसण्याचं."

"मग शोभेचं म्हणू नको. शोभणारं म्हण."

"एकच आहे ते, अण्णा."

"एक कसं? शोभेचं म्हंजे बाजूला मांडून ठेवलेलं. शोभणारं म्हंजे जिथं आहे तिथं बरोबर बसलेलं. तुझी आई तुला कधी म्हटली नाही, हे तुला शोभत नाही म्हणून? ती काय दागिन्याबद्दल म्हटली?"

अर्धवट राहिलेलं भांडण ते हेच. माझं अजून मत आहे की वकिलाच्या त्या शब्दात शोभेचं हाच अर्थ आहे. तुमचा शब्द चांगला होता, पण तो कायद्याचा नव्हता.

तोवर तुमचं डायलिसिस सुरू झालं होतं. एक दिवस हॉस्पिटल, एक दिवस ऑफिस, असं चाललं होतं. मधल्या दिवशी तुम्ही यायचात तेव्हा चेहरा धुतलेल्या कपड्यासारखा दिसायचा. त्याबद्दल विचारलेलं तुम्हाला चालत नसे, म्हणून मी विचारत नसे. वकिलांचा व्हिडिओ कॉल अशाच एका मधल्या दिवशी होता. वकील तरुण होते, अदबीनं बोलत होते. त्यांनी एकेक चित्र पडद्यावर दाखवत विचारलं, "सर, हा जो रुंद काठ आहे, हा केवळ दिसण्यासाठी आहे ना?"

"नाही," तुम्ही म्हणालात. "पक्ष्यांना बसायला आहे."

मग वकिलांनी समजावलं. आकार जर कामासाठीच तसा असेल, तर त्याला रूपाचं संरक्षण मिळत नाही. काठाचं काम सांगितलंत तर अर्ज अडचणीत येईल. न सांगितलंत तर कुणी विचारणार नाही. आणि रचनाकार म्हणून सही तुमची आहे.

तुम्ही म्हणालात की मग सही करणार नाही.

कॉल संपल्यावर आपलं जोरात वाजलं. मी म्हटलं, कुणी खोटं बोला म्हणत नाहीये, गप्प बसा म्हणताहेत. तुम्ही म्हणालात, काठ पक्ष्यांसाठी केलो आणि आता म्हणू काय, नुसता नटवलो? मी म्हटलं, कंपनीचं वर्षभराचं काम त्या सहीवर अडलंय, परदेशातली ऑर्डर हातची गेली तर आम्हा निम्म्या लोकांना घरी बसावं लागेल. तुम्ही म्हणालात, "तुम्हाला काम पाहिजे, मलाही पाहिजे. पण पक्ष्यांचं नाव खोडून नको." टेबलावर हात आपटलात. तुमच्या हातावर सुईची पट्टी होती. ती बघून मी बोलायची थांबले, आणि त्याचाच तुम्हाला जास्त राग आला. "बोल की. आजारी म्हणून सोडतीस काय?"

वाट वकिलांनीच काढली. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. हाच उपयोग वेगळ्या आकारानंही साधता येतो असं आपण दाखवलं, तर पक्ष्यांचं सांगायला हरकत नाही. काठ हवा तो कामासाठी, पण असाच काठ घेतला तो रूपासाठी, असं म्हणता येईल. म्हणजे खोटं काही बोलावं लागणार नव्हतं. तेच काम करणारे, पण वेगळे दिसणारे तराफे काढून द्यायचे.

तुम्हाला ते पटलं. एवढंच नाही, आनंद झाला. तुम्ही लगेच पेन्सिल घेऊन बसलात. मला आठवतं, त्या आठवड्यात हॉस्पिटलमध्येही चित्रं काढत होतात, एका हाताला सुई आणि दुसऱ्या हातात पेन्सिल. पण तुमच्याकडून वेगळा तराफा निघेना. लांबोळका काढलात, तो सुंदर झाला. त्रिकोणी काढलात, कोपरे तासत तासत तोही सुंदर झाला. मी म्हटलं, अण्णा, नुसता उपयोगी काढा, दिसायला कसाही चालेल. तुम्ही प्रयत्न केलात. मग चित्र माझ्याकडे सरकवलंत.

"मला जमत नाही. तू काढ. तुला येतं."

हा टोमणा होता की कामाची वाटणी, हे मला त्या वेळीही कळलं नाही. मी काढला. चौकोनी ट्रे आणि भोवती चारही बाजूंनी घरात पाण्याला वापरतात तसला जाड पाईप, पक्ष्यांना बसायला. वकील म्हणाले, खरा करून पाण्यात तपासला तर मुद्दा पक्का होईल. आम्ही तो केला आणि त्याच तळ्यात तुमच्या तराफ्याशेजारी सोडला.

पक्षी माझ्या पाईपावर बसले. तुमच्या काठावरही बसले, पण माझ्या पाईपावर जास्त बसले. माझं पॅनेल तुमच्यापेक्षा स्वच्छ राहिलं. आकडे दोन्हींचे सारखेच आले. वकिलांना हवं होतं ते मिळालं, तुम्ही समाधानानं सही केलीत, अर्ज गेला. आणि त्याच महिन्यात मॅडमनी दोन्ही तराफ्यांचे निकाल शेजारी ठेवून ठरवलं की यापुढे पाईपवाला करायचा. करायला सोपा, स्वस्त, कुठल्याही वर्कशॉपमध्ये होईल असा. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. तुमचा आकार निव्वळ रूपासाठी आहे हे आपण दोघांनी मिळून सिद्ध केलं होतं. मॅडमनी ते मान्य केलं, एवढंच.

तुम्हाला सांगायला मी तुमच्या घरी आले. दुपार होती. तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला होतात आणि इंदूअक्का मोसंबं सोलून एकेक फोड तुमच्या हातात देत होत्या. मी सगळं सांगितलं. अक्कांचा हात थांबला. तुमचा नाही, तुम्ही फोड तोंडात टाकलीत, खाल्लीत.

"सरी," तुम्ही म्हणालात. म्हणजे ठीक. "माझा रजिस्टर होतो, तुझा तरंगतो. वाटणी झाली."

"तुम्हाला वाईट वाटलं?"

"घड्याळाच्या कारखान्यात किती केस काढलो, किती बनल्या? त्यांचं एकेक वाईट वाटून घेत बसलो असतो तर हिच्याशी लग्न करायला वेळ मिळाला नसता." मग जरा पुढे झालात. "तुझ्या त्या पाईपाला कोपऱ्यात काटकोनी एल्बो आहेत. ते काढ. लांब वळणाचे बेंड मिळतात बाजारात, ते घाल. दिसेल तरी बरं."

मी म्हटलं की एल्बोंची खरेदी झालीय. तुम्ही म्हणालात, मग पुढच्या खेपेला. मी म्हटलं, बघू. खरं सांगते, अजून बदललेले नाहीत. एल्बो व्यवस्थित काम करताहेत.

तुमचा तराफा पाण्यातून काढून ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये ठेवला होता. सेन्सर आणि पॅनेल काढून घेतलं होतं. पॅनेलच्या जागी एक गुळगुळीत पांढरं झाकण बसवलं होतं, आणि कुणीतरी त्यावर मनीप्लांटची कुंडी ठेवली होती. तुम्ही शेवटचे ऑफिसात आलात त्या दिवशी कुंडी उचलून खाली ठेवलीत, रुमालानं झाकण पुसलंत आणि आत गेलात. मी जिन्यावरून ते बघत होते. त्यानंतरच्या आठवड्यात इंदूअक्कांचा फोन आला.

तुमच्या घरी आलेल्या दिवसांबद्दल मी काही लिहीत नाही. घर माणसांनी भरलं होतं, निम्मी कन्नड बोलत होती, निम्मी मराठी. एक म्हातारे गृहस्थ तुमच्या मनगटावरचं घड्याळ काढून ठेवावं की नाही यावर वाद घालत होते. तुम्ही असतात तर तुम्हीही घातला असतात. मी रडले नाही. घरी परतताना बसमध्ये वाटलं की रडू येईल, पण माझा स्टॉप आला.

विधी उरकल्यावर इंदूअक्का ऑफिसात तुमच्या वस्तू न्यायला आल्या. चष्मा, शाल, जेवणाचा डबा, मॉडेल तासायच्या सुऱ्या. मी त्यांना सोडायला खाली आले. रिसेप्शनमध्ये त्या तराफ्यापाशी थांबल्या. त्यांनी काठावरून हात फिरवला.

"हे पाण्यात असायचं की."

"हो, अक्का."

"मग इथं कशाला आणून ठेवलायसा?"

मी त्यांना पाईपवाल्या तराफ्याचं सांगितलं, पॅनेल स्वच्छ राहतं ते सांगितलं, करायला सोपं पडतं ते सांगितलं.

"ते सगळं खरं असेल. पण हे इथं कशाला?"

मी वर जाऊन मॅडमना विचारलं, तो तराफा परत तळ्यात सोडू का? त्या म्हणाल्या, आत तर काहीच नाही त्याच्या, सोडून काय करणार? मी म्हटलं, काहीच नाही. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं बघितलं, पण हो म्हणाल्या.

कमिटीच्या सेक्रेटरींना भेटले. ते हवाई दलातून निवृत्त झालेले आहेत, सगळ्याचं प्रयोजन विचारायची त्यांना सवय आहे. माझ्याकडे बघून म्हणाले, "ये नापेगा क्या?"

"कुछ नहीं, सर."

"तो करेगा क्या?"

या तळ्यात आजवर मी जे जे ठेवलं, त्याचं काम मी कुणालाही दोन वाक्यांत पटवून देऊ शकत होते. या वेळी एवढंच म्हटलं, "दिखने में अच्छा है."

त्यांनी खिडकीतून तळ्याकडे बघितलं; तुम्हाला ते राव साहब म्हणतात. मग म्हणाले, "राव साहब वाला है ना? ठीक है. लेकिन उधर बीच में मत डालिए. इधर, बेंच के सामने."

गेल्या रविवारी सकाळी तो पाण्यात सोडला. इंदूअक्का आल्या होत्या. आम्ही दोघी बाकावर बसलो. पलीकडे तळ्याच्या मधोमध माझा चौकोनी तराफा होता, त्याच्या पाईपावर दोन पाणकावळे पंख पसरून बसले होते. तुमच्या तराफ्यावर कुणी आलं नाही. वारा सुटला की तो सावकाश वळायचा, दोरी ताणली की थांबायचा. त्याच्या काठाशी पाणी जरासं वर यायचं आणि खाली जायचं.

"आता ह्याला काम काय?" अक्कांनी विचारलं.

"काहीच नाही."

"बरंय. ह्यांना ते कधी जमलं नाही."

त्या हसल्या, आणि मग पदरानं डोळे पुसले. ऊन चढलं, फिरायला आलेली माणसं पांगली. मी त्यांना म्हटलं, निघू या का, तुम्हाला ऊन लागेल. त्यांची नजर पाण्यावरून हलली नाही.

"थांब की," त्या म्हणाल्या. "अजून स्वल्प बसू."